मुलींची मावशी

१९९७ साल. आरतीला स्थळं यायला लागली ती त्याच साली, आणि मी माझ्या नवऱ्याच्या मागावर माणूस लावला तोही त्याच साली. दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, म्हणून ते साल डोक्यातून जात नाही.

तेव्हा जुन्नरला आम्ही तिघीच राहत होतो, मी आणि दोन मुली, आरती आणि प्राची. हे जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नोकरीला होते. गाईम्हशींना टोचायचं, शेळ्यांना औषध पाजायचं, अडलेली गाय मोकळी करायची. त्यांची बदली आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकरच्या रस्त्याला, धरणाच्या वरच्या अंगाच्या एका गावी झाली होती. गावाचं नाव घेत नाही, तिथली माणसं अजून आहेत. मुलींची शाळा-कॉलेज इथं, म्हणून आम्ही इथं थांबलो. हे शनिवारी संध्याकाळच्या गाडीने यायचे आणि सोमवारी सकाळी पहिल्या गाडीने जायचे. पाच वर्षं असंच चाललं होतं, आणि त्या पाच वर्षांत मी एकदाही तिकडे गेले नव्हते. पावसात रस्ता धड नसतो, उन्हाळ्यात पाणी नसतं, खोली एकट्याचीच आहे, असं ते सांगायचे. मीही फार खोदून विचारलं नाही.

संशय आला तो डब्यावरून.

दर सोमवारी मी त्यांच्याबरोबर कडीचा डबा द्यायची. कधी शेंगदाण्याची चटणी, कधी लोणचं, कधी लाडू. शनिवारी डबा परत यायचा तो पुरुषाने धुतलेला कळायचा. कडेला तेल, झाकणात वास. शहाण्णवच्या दिवाळीनंतर डबा राखेनं घासून लख्ख यायला लागला. आणि आत मूठभर तांदूळ.

"हे कुठले?" मी विचारलं.

"असतील. दिले कुणीतरी," असं म्हणून ते पाय धुवायला गेले.

पुढच्या शनिवारी नाचणीचं पीठ. मग गुळाचा खडा. उन्हाळ्यात करवंदं. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये हे कुठल्या पुरुषाच्या ध्यानात असतं? माझ्या नवऱ्याला तर भांडं परत करायचं असतं हेच मी पाच वर्षांत शिकवलं होतं. ते तांदूळ त्यांना कुणी दिलेले नव्हते. ते मला पाठवलेले होते. कुठलीतरी बाई माझा डबा घासत होती आणि रीत म्हणून त्यात मूठभर काहीतरी घालत होती.

मी ते तांदूळ शिजवले नाहीत, चिमण्यांना टाकले. पण पुढच्या सोमवारी डबा भरताना चार लाडू जास्तच पडले. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

सरळ विचारता आलं असतं. पण विचारलं की उत्तर येतं, आणि आलेलं उत्तर मुलींच्या समोर कुठं लपवणार? घर दोन खोल्यांचं.

त्यात वैशाखात आरतीला ओतूरचं स्थळ आलं. मुलगा गोरक्ष, कारखान्यात नोकरीला, घरी पाच एकर बागायत, माणसं साधी. आरतीच्या तोंडावर मला सगळं दिसत होतं. मुलीच्या बापाची चौकशी तो नोकरी करतो त्या गावात होते. ओतूरची माणसं तिकडे गेली आणि कुणी काही बोललं तर? त्यांना कळायच्या आधी मला कळायला हवं होतं.

वर्तमानपत्रात बारीक जाहिरात यायची, विवाहपूर्व आणि विवाहोत्तर चौकशी, गुप्ततेची हमी. डोळे दाखवायला जाते असं मुलींना सांगून मी पुण्याला गेले. शुक्रवार पेठेत जिना चढून वर एक खोली, एक टेबल, त्यावर फोन. माणसाचं नाव चांगदेव. फौजदारकीतून निवृत्त झालेला, जाड मिशीचा, आवाज मात्र मऊ.

"फोटो काढून आणायचे का काकू? लांबून काढता येतात."

"फोटो नकोत. मुलाकडची माणसं चौकशीला जातील, तसे जा. काय कानावर येतं ते मला सांगा."

"म्हणजे पाहुणा होऊन." त्याने डोकं खाजवलं. "पण एक सांगतो. स्थळाच्या चौकशीला आलेल्या माणसाला गाव कधी वाईट सांगत नाही. लग्न मोडल्याचं पाप कोण डोक्यावर घेणार?"

"ठाऊक आहे. पण खोटं सांगताना माणूस अडखळतो. कोण कुठं अडखळलं, तेवढं ऐकून या."

तो हसला. "काकू, पेन्शनीत निघालो नसतो तर तुम्हाला खात्यातच घेतलं असतं."

आठ दिवसांनी तो दुपारचा घरी आला. मुली मैत्रिणीकडे गेल्या होत्या. मी चहा टाकला. तो खुर्चीत टेकला, खिशातून वही काढली, आणि एकदम खुशीत होता. चांगली बातमी आणल्यावर माणूस असतो तसा.

"काकू, मन साफ करा. एक माणूस अडखळला नाही. दवाखान्यासमोरच धर्माजी म्हणून म्हातारा राहतो, त्याचेच शब्द लिहून आणलेत. 'पावणं, डोळं झाकून सोयरीक करा. आमची म्हस मरत व्हती, तर ह्यो माणूस कंबरंएवढ्या पाण्यातनं आला. आसा साहेब सरकारनं परत धाडायचा न्हाई.' दुकानदार तेच म्हणतो. गुरुजी तेच."

"बरं."

"आणि तुमचं तर काय कौतुक हो!" तो वाचायला लागला. "'पोरीची आय म्हंजे लक्षुमी. आंगणवाडीतल्या पोरांना हातानं भरवती. गावात बाळंतीण आसली की पयला डबा तिच्या घरनं जातो.' मी त्याला म्हटलं, मग मुली दिसत नाहीत त्या? तर म्हणाला, 'पोरी शिकाया जुन्नरला हायेत, मावशीकडं. मावशीबी चांगली हाय म्हणत्यात, पर आयची सर...'"

तिथे त्याचा आवाज हळू झाला. त्याने मान वर केली. दोरीवर आरतीचा आणि प्राचीचा ड्रेस वाळत होता. भिंतीवर आमच्या चौघांचा फोटो होता. त्याने वही मिटली.

"चहा राहू द्या, काकू."

"चहा झालाय. पुढचं वाचा."

"पुढं काही नाही."

"त्या बाईचं नाव?"

त्याने मिशीवरून बोट फिरवलं. "आशाबाई. विधवा आहे, दुकानदार बोलता बोलता म्हणाला होता. अंगणवाडी चालवते. दाराशी तांदूळ निवडत बसली होती." मग म्हणाला, "मी चुकलो. मी आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, तुम्ही तिथं कधी राहिलात का."

चहा त्याने प्यायला. मी पुढे केलेले राहिलेले पैसे मात्र टेबलावर तसेच ठेवून गेला.

एक गोष्ट सरळच लिहिते. बाई आहे, हे मला डब्यावरून कळलेलंच होतं. ते ऐकून मी पडले नाही. पण मावशी? लग्नाला तेवीस वर्षं झाली होती, दोन बाळंतपणं झाली होती, सासूची तीन वर्षांची आजारपणं काढून झाली होती. आणि त्या गावच्या ओट्यावर बसून माझ्या नवऱ्याने मला मावशी करून टाकलं होतं. माझ्या मुली तिच्या, आणि मी सांभाळणारी. मी स्वयंपाक करताना तो शब्द ऐकायची. वेणी घालताना ऐकायची. शनिवारी ते दारात आले की वाटायचं, हे पाहुणे आले मावशीच्या घरी.

कुणाला सांगितलं नाही. आरतीचं लग्न पार पडायचं होतं. डबाही तसाच चालू ठेवला, नाहीतर त्यांना कळलं असतं. गंमत अशी की ओतूरची माणसं तिकडे गेलीच नाहीत. त्यांची सगळी चौकशी ओतूरच्या बाजारातच पुरी झाली.

अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत लग्न लागलं. आम्ही दोघांनी शेजारी बसून कन्यादान केलं. त्यांच्या गावाहून कुणी आलं नाही, हंगाम आहे म्हणाले. ते स्वतः आठवड्याच्या मध्येच सुट्टी काढून आले होते, म्हणून त्या खेपेला डबा तिकडेच राहिला.

सोमवारी ते पिशवी भरत होते. प्राची आरतीबरोबर पाठराखीण म्हणून गेली होती, घरात दोघंच.

"दुसरा डबा भरून देणार नाहीस?" त्यांनी विचारलं.

"नाही. आणि आता शनिवारी येऊ नका."

"म्हणजे?"

"मावशीच्या घरी माणूस किती वेळा येतो?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कोण मावशी?"

"वा."

"अगं, कोण मावशी? कुणाची?" त्यांच्या कपाळावर आठी पडली होती, खरोखर न कळल्यासारखी. मला वाटलं, काय सोंग वठवतो हा माणूस. मग ते खाली बसले आणि हळूच म्हणाले, "आशाबद्दल बोलत असशील तर मी सगळं..."

"तिचं मी कदाचित ऐकूनही घेतलं असतं. मावशीचं नाही ऐकणार. जा, गाडी चुकेल."

ते उंबऱ्यात बराच वेळ उभे होते. मी भांडी घासायला बसले. पाण्याचा आवाज मोठा करून घेतला. वळून पाहिलं तेव्हा दार ओढलेलं होतं.

नंतर शनिवार संध्याकाळ आली की मला काय करावं ते कळायचं नाही. स्टँड आमच्या घरापासून फार लांब नाही, गाडी आत शिरताना हॉर्न ऐकू येतो. तो ऐकून मी दिवा लावायची. प्राची पुण्याला शिकायला गेल्यावर तर घरात बोलायला दुसरं कुणी नव्हतं. पगारातली मनीऑर्डर न चुकता यायची, त्यावर दोन ओळींच्या जागेत ते एवढंच लिहायचे, 'प्रकृती ठीक. काळजी घेणे.' दोन हजार एक साली प्राचीच्या लग्नाला आले, माझ्या शेजारी बसले, संध्याकाळी गेले. निघताना म्हणाले, "तू बारीक झालीस." मी म्हटलं, "वयाने होतंच."

दोन हजार चारच्या मार्चमध्ये ते मंचरच्या दवाखान्यात वारले. हृदयाचं. जावयांनी त्यांना जुन्नरला आणलं. आशा आली नाही.

पुढच्या वर्षी माघात एक म्हातारा दारात आला. डोक्याला फेटा, काखेत पिशवी. लेण्याद्रीच्या गणपतीला गावची जीप आली होती, म्हणाला.

"वळखलं न्हाई ना बाई? मी धर्माजी. साहेबांच्या दवाखान्यासमुरचा."

मी त्याला बसायला दिलं. त्याने पिशवीतून डबा काढला. माझाच, कडीचा. "आशाबाईनं दिलाय. म्हणली, त्यांचा हाय, त्यांच्या हातात द्या."

पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "एक इचारायचं व्हतं. थोरलीचं लगीन त्या पावण्याकडंच झालं ना? त्यो मिशीवाला आलावता चौकशीला?"

माझा हात डब्यावरच राहिला. "का हो?"

"मग आमचं खोटं फळलं म्हनायचं!" म्हातारा हसला, दात नव्हते. "आवो, त्यो पावणा दारात हुबा, आन समुर आशाबाई तांदूळ निवडत बसल्याली. इचारतो, पोरीची आय कशी हाय? आता काय सांगावं? आय हितं ऱ्हात न्हाई म्हणावं, तर मग ही कोण आसं निघंल, आन पोरीचं लगीन मोडंल. माझ्या तोंडातनं आशाबाईचंच कवतिक निघून गेलं, पोरीची आय म्हणून. एक खोटं बोललं की दुसरं लागतंच. म्हणला, मंग पोरी कुठंयत? म्हणलं, मावशीकडं. सांजच्याला समद्या गावाला सांगून ठिवलं, परत कुणी आलं तर ह्येच बोलायचं."

"साहेबांना सांगितलंत?"

"न्हाई बा. त्यांना कशाला? लाजून मेलं आसतं ते. शेवटपतूर ठावं नव्हतं त्यांना." मग त्याने फेटा सारखा केला. "आशाबाई मातुर लई रडली त्या दिशी. म्हणली, धर्माबाबा, त्या माउलीचं नावच काढून घेतलं की वो तुमी."

बाहेर जीपवाला हॉर्न देत होता. मी म्हटलं, "हो. त्या मिशीवाल्या पाहुण्याकडेच दिली. चांगलं आहे तिचं."

"झालं तर मग," तो म्हणाला, आणि माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याला वाकू दिलं नाही.

सात वर्षं मी 'कोण मावशी' हा प्रश्न सोंग समजत होते. तो त्यांनी मला विचारलेला शेवटचा खरा प्रश्न होता. त्यांचा दोष होता, तो मी पुसत नाही. तो शब्द नसता तर मी त्यांचं ऐकून घेतलं असतं का, हेही छातीठोक सांगत नाही. पण ते उंबऱ्यात उभे असताना मी वळून तरी पाहिलं असतं.

चांगदेवची पाटी दोन हजार दोनमध्येच उतरली होती. मी एकदा पुण्याला गेले असताना मुद्दाम तो जिना चढले, तर तिथे झेरॉक्सचं दुकान. धर्माजी दोन हजार आठच्या थंडीत गेला, वय कुणालाच नक्की माहीत नव्हतं. आरती ओतूरला आहे, तिचा मुलगा आता आजोबांसारखाच जनावरांच्या डॉक्टरकीला लागला आहे. प्राची नाशिकला, दर रविवारी फोन करते. दोघींना मी यातलं काही सांगितलेलं नाही, वडील त्यांचे चांगले होते आणि तसेच राहू देत.

त्या दिवशी म्हातारा जीपने परत गेल्यावर डबा उघडला तेव्हा आत तांदूळ होते, काठोकाठ. ह्या वेळी मी ते चिमण्यांना टाकले नाहीत. रोज थोडे थोडे करून एकटीने खाल्ले. मग लाडू वळले आणि डबा भरून, फडक्यात बांधून, भीमाशंकरच्या गाडीच्या कंडक्टरकडे दिला. चार दिवसांनी तो तसाच परत आला, गाठ न सोडलेला. होळीच्या आधीच आशाबाई अंगणवाडी सोडून भावाकडे गेल्या, कुठल्या गावाला ते कुणाला सांगून गेल्या नाहीत, असं कंडक्टर म्हणाला.

डबा फळीवर आहे. मी तो कधी रिकामा ठेवत नाही.