भुईवर ठेवलेली कात्री

मी बोलायला फटकळ हाय, हे सगळ्या नरसी गावाला ठाऊक हाय. म्हणून पहिलंच सांगून टाकते, त्या कात्रीला गंज चढला तो आमच्या मालकांच्या शहाणपणामुळं.

माऊली माझं एकुलतं एक पोरगं. शेतकऱ्याच्या घरात जन्मलं, पण हातात कासरा कधी टिकला न्हाई. देवळाकडं जाणाऱ्या वाटंवर पत्र्याखाली शिलाई मशीन टाकून बसायचं. बायांचे ब्लाऊज, लेकरांची झबली, यात्रेला आलेल्यांच्या फाटक्या पिशव्या, जे येईल ते शिवायचं. एका सालच्या काविळीत गेलं. त्याची कात्री डोळ्यासमोर नको म्हणून मालकांनी ती उचलली अन् ठेवली कुठं? सैपाकघरातल्या फळीवर, मिठाच्या मडक्यामागं! आता काय म्हणावं या माणसाला? नाव सोनाजी, अन् लोखंड कुठं ठेवावं एवढं कळत न्हाई.

वर्षभर तिकडं कुणी पाहिलं न्हाई. मग आपली हिंगोली जिल्हा झाली त्या उन्हाळ्यात सुनंचा भाऊ, हरिचंद, वारंगा फाट्याहून आला. चहा घेतला, कप खाली ठेवला अन् म्हणाला, "मावशी, मंजुषाला घेऊन जातो. पंचविशीची बी न्हाई पोरगी. लेकरू न्हाई, बाळ न्हाई. इथं काहून बसवायची?"

त्याचं काही चुकत न्हवतं. मलाच राग आला, पण राग कुणावर काढू? मंजुषा चुलीपुढं भाकरी थापत होती, ती थापतच राहिली. मी म्हणलं, "पुढच्या बाजाराच्या दिवशी ये न्यायला."

तो गेला अन् मी विचार करत बसले. लेकीसारखा जीव लावलेली पोरगी जाणार, हे एक. दुसरं म्हणजे ती भावजयीच्या हाताखाली जाणार. तिथं रिकाम्या हातानं बसली तर घासाघासाला बोल ऐकावा लागंल. मशीन तर तिला देणारच होते, साधी शिलाई तिला येत होती. पण कात्रीवाचून शिंप्याचं काम कसं व्हायचं? बाजारात नवी मिळती, मला बी ठाऊक हाय. मला माऊलीचीच द्यायची होती, बस्स.

मडक्यामागून कात्री काढली अन् कपाळावर हात मारला. अगं आई! नुसती लाल झाली होती. दोन्ही पाती एकमेकाला अशी धरून बसलेली की जोर लावला तरी उघडंना.

"टाकून दे," मालक म्हणाले.

"तुमालाच टाकून देते," म्हणलं. "बसा गप."

जुन्या परातीत राशनचं रॉकेल वतलं अन् कात्री त्यात बुडवून ठेवली. दुसऱ्या दिवशी मधल्या स्क्रूवर चार ठोके दिले तवा कुठं ती कुरकुरत उघडली. मग लिंबू कापलं, त्यावर मीठ घेतलं. मालक बघतच राहिले. "मिठानंच गंजली म्हणतेस, अन् वरून मीठच लावून राहिलीस?" म्हणाले. म्हणलं, "लिंबासंगं लावलं की मीठ गंज काढतं. काढून लगेच धुवायचं असतं, वर्षभर तसंच ठेवायचं नसतं." लई दिवसांनी आमी दोघं असं भांडलो. बरं वाटलं.

दोन दुपारी घासत बसले. लिंबानं सैल झालेला गंज चिंधीनं पुसायचा, परत लावायचं. मुठीवर माऊलीनं हिरव्या कापडाची पट्टी गुंडाळली होती, अंगठ्याला रुतायचं म्हणून. त्याच्या हाताच्या घामानं ती काळी पडली होती. तिच्याखाली बी गंज असणार. पण ती पट्टी सोडायला माझा हात धजला न्हाई. बोट लावलं की रडू यायचं.

पात्यांवर तरी काळे डाग राहिलेच. मग मी घेतला विटकरीचा चुरा. आमी बाया घागरी, तांबे, समया त्याच्यानंच घासतो, तशीच ही कात्री घासली. आतून बाहेरून, टोकापासून बुडापर्यंत. गरम पाण्यानं धुतली, चुलीजवळ कोरडी केली, गोडंतेल लावलं. अशी चकाकली की तोंड दिसावं! मी फुगून गेले. कपड्याचा तुकडा घेतला अन् चालवली.

कापडाला दुमड पडली. कापलं काही न्हाई.

परत चालवली. परत तेच. अरे देवा! धारच घासून टाकली होती मी. गंजानं जे केलं न्हवतं ते माझ्या विटकरीनं केलं. मी तिथंच भुईवर बसले अन् मोठ्यानं रडले. माऊली गेला तवा बायांच्या गराड्यात बी इतकी रडले न्हवते.

मंजुषा भिजलेले हात पुसत आली. "काय झालं, आत्याबाई?" मी कात्री दाखवली. तिनं हात पुढं केला, "द्या हिकडं."

मी कात्री हातात दिली न्हाई. भुईवर ठेवली.

आमच्यात तसंच असतं. कात्री, सुरी, अडकित्ता हातातून हातात द्यायचा न्हाई. नातं तुटतं. एकानं भुईवर ठेवायचं, दुसऱ्यानं उचलायचं. मंजुषा नवी नवरी होती तवा थेट माऊलीच्या हातातून कात्री घ्यायची अन् मी वरडायचे. माऊली हसायचा, "आई, कात्रीनं कापड तुटतं, नातं न्हाई तुटत." ती बी तोंडाला पदर लावून हसायची. दोघं एका माळेचे मणी.

तिनं भुईवरून कात्री उचलली, उजेडात धरून धार पाहिली. मग मशीनच्या खणातून खरखरीत पॉलिश पेपर काढला अन् त्या कात्रीनं कागद कापायला लागली.

"अगं अगं! कागद नको कापू तिनं!" मी वरडले. माऊली कागदासाठी कुणाला कात्रीला शिवू द्यायचा न्हाई. मी एकदा साखरंची पुडी कापली होती तर दोन दिवस अबोला धरला होता लेकानं.

"साधा कागद न्हाई चालत, आत्याबाई. हा चालतो," ती म्हणाली. "धार गेली की ते असंच करायचे. मला बी करायला लावायचे."

करकर, करकर. पट्ट्या खाली पडत राहिल्या. माझं पोरगं हिला सगळा धंदा शिकवत होतं अन् मला घरात बसून पत्ता न्हाई. शेवटी तिनं माझ्या त्याच तुकड्यावर कात्री चालवली. सर्रकन कापला.

मग तिचं लक्ष मुठीकडं गेलं. "पट्टीखालचा गंज न्हाई काढला?"

"न्हाई."

तिनं त्या पट्टीवरून अंगठा फिरवला. "राहू द्या तेवढा," म्हणाली अन् उठून पाण्याला गेली.

बाजाराच्या दिवशी हरिचंद काळीपिवळी जीप घेऊन आला. मशीन टपावर बांधली, ट्रंक मागं घातली. मंजुषा पाया पडली, आत बसली. कात्री मात्र माझ्याकडंच राहिली होती, ब्लाऊजपीसमध्ये गुंडाळलेली, पदराखाली. द्यायचीच होती. सकाळपासून देते देते म्हणत होते.

जीप सुरू झाली तवा मी पुढं झाले. हरिचंदनं खिडकीतून हात काढला. "द्या मावशी, लवकर."

माझा हात मागं आला. "हातात न्हाई देणार," म्हणलं.

"अवं मावशी, लोक खोळंबलेत!" ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. आतली एक बाई कुरकुरली. मला लाज वाटली, पण काय करू? नातं होतं तरी काय आता? पोरगा न्हाई, नातू न्हाई. ही जीप गेली की ती कोण अन् मी कोण. पण जे काय उरलं होतं, ते माझ्या हातानं कसं तोडू?

मंजुषानं दार उघडलं. मांडीवरची पिशवी भावाकडं दिली, लुगडं सावरत खाली उतरली अन् माझ्यापुढं उभी राहिली. जी माझ्या या बोलण्याला हसायची, ती.

"ठेवा भुईवर, आत्याबाई," म्हणाली. "मी उचलते."

मी ब्लाऊजपीस अंथरला अन् त्यावर कात्री ठेवली. तिनं वाकून दोन्ही हातांनी उचलली, गुंडाळली अन् छातीशी धरली. मग ती जाऊन बसली. जीप गेली.

मालक शेजारी उभे होते, डोळे पुसत. "चल घरी," म्हणाले.

म्हणलं, "चला. अन् पहिलं ते मिठाचं मडकं हलवा तिथून. पोरगी येईल तवा तिची कात्री ठेवायला कोरडी जागा लागंल."