ठकीच्या मनातलं पाप

रुग्णालयाचं सभागृह सकाळी नऊलाच भरलं होतं. नर्सेस, वॉर्डबॉय, स्वयंपाकघरातली मंडळी, ड्रायव्हर. ज्यांना खुर्ची मिळाली नाही ते खिडकीच्या कट्ट्यावर. पडद्यावर माणसाची नुसती आकृती दिसत होती, कडेनं हिरवी, आत पिवळी. शेजारच्या बंद खोलीत कॅमेऱ्यासमोर बसलेल्या ड्रायव्हरची ती आकृती. खाली आकडा उमटला : खोटेपणा अकरा टक्के.

"निर्मळ माणूस!" मनकवडे सर म्हणाले. टाळ्या पडल्या. ड्रायव्हर बाहेर आला तो नव्या जावयाच्या चालीनं.

मनकवडे हे नाव आम्हीच ठेवलेलं. सरांचा दावा असा, की त्यांचा कॉम्प्युटर माणसाचा व्हिडिओ पाहून मनातलं ओळखतो. "माणूस जिभेनं खोटं बोलतो, खांद्यानं नाही. यंत्राला ना नातं, ना गोतं!" पडद्यावर चेहरा का दिसत नाही, तर म्हणे अब्रू राखण्यासाठी. खोलीत दुसरं कोणी का नको, तर म्हणे लहरी मिसळतात.

त्यांना बोलावण्याचं कारण मी. मी इथला स्टोअरकीपर. नवजात बाळांच्या विभागातले दुधाच्या पावडरीचे डबे दोन महिन्यांत चौदा कमी भरले, अशी तक्रार मीच केली होती.

मग मावशींची पाळी आली. बावीस वर्षं याच विभागात मदतनीस. त्यांनी दारावरच्या कार्ड वाचणाऱ्या पेटीला ओळखपत्र लावलं, आत जाऊन बसल्या. आकृती लालभडक झाली. एक्क्याण्णव टक्के.

टाळ्या पडल्या नाहीत. बाहेर येताच मावशींनी आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि त्या समजल्या.

"डोळ्यांत पाणी," सर म्हणाले, "ही दुसरी खूण."

मोठ्या डॉक्टरांनी ओळखपत्र ठेवून घरी जायला सांगितलं. मावशी म्हणाल्या, "चौदा डबे नेऊन ठेवू कुठं? माझं घर दीड खोलीचं. विचारा की तुमच्या यंत्राला."

यंत्राला कोणी विचारलं नाही. मी स्वभावानं संशयी; हवामानाच्या अंदाजावरसुद्धा माझा विश्वास नाही. पण आकडा म्हटला की त्याला वजन असतं. मी गप्प बसलो.

फिजिओबाई गप्प बसल्या नाहीत. पेशंटच्या चालण्याचा व्हिडिओ काढून त्यावरून गुडघा किती वाकतो हे मोजणं, हे त्यांचं रोजचं काम. त्या मला म्हणाल्या, "माझाही कॉम्प्युटर व्हिडिओच बघतो. पाय कमी वाकतोय एवढं तो बरोबर सांगतो. दुखतंय म्हणून, भीतीनं, की चप्पल तुटलीय म्हणून, ते पेशंटलाच विचारावं लागतं. या गृहस्थांना कोणालाच काही विचारावं कसं लागत नाही?"

त्यांनी मोठ्या डॉक्टरांकडे फेरतपासणी मागितली. मावशींचं ओळखपत्रही मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळे जमले. मावशींना आत सोडून येते असं सांगून फिजिओबाई खोलीकडे गेल्या आणि दार लावून बाहेर येऊन बसल्या. पडद्यावर आकृती उमटली. लालभडक. एक्क्याण्णव.

"बघा!" सर छडी घेऊन पुढे झाले. "डाव्या खांद्याशी हा कंप. अपराधी मनाचा भार! आणि मान पाहा, जरासुद्धा हलत नाही. कोडगेपणा!"

"आणखी एकदा बघू या," म्हणत फिजिओबाई उठल्या. दारावर काहीतरी लावल्याचा आवाज आला. आकृती हिरवीगार झाली. चार टक्के.

सरांनी क्षणभर छडी खाली घेतली. "हे कोणी थोर व्यक्तिमत्त्व दिसतं. काय ही स्थिरता!"

फिजिओबाईंनी दार उघडलं आणि काखेत धरून ठकीला बाहेर आणलं. ठकी म्हणजे नर्सेसच्या प्रशिक्षणातली बाहुली; छाती दाबून श्वास कसा परत आणायचा हे तिच्यावर शिकवतात. अंगात पेशंटचा ढगळ झगा. वरच्या पंख्यानं तो डाव्या खांद्याशी फडफडत होता.

"आधी हिच्यासाठी दाराला मावशींचं कार्ड लावलं," फिजिओबाई म्हणाल्या, "मग मोठ्या डॉक्टरांचं, त्यांच्याकडूनच मागून घेतलेलं. मावशी मघाच, तुम्ही पडद्याकडे बघत असताना, मागच्या रांगेत येऊन बसल्यात."

सगळ्यांनी माना वळवल्या. मावशी खरंच तिथं होत्या.

सर डगमगले नाहीत. "बाहुलीवर हाताळणाऱ्यांच्या भावनांचा ठसा उमटतो."

"मग माझं पातेलं बसवून बघू का?" स्वयंपाकी म्हणाला. त्यानं ते गंभीरपणे विचारलं होतं.

मोठ्या डॉक्टरांनी कॉम्प्युटर उघडायला लावला. सरांनी आधी आमच्याकडून फॉर्म भरून घेतले होते : 'या कर्मचाऱ्यावर तुमचा विश्वास किती? दहापैकी गुण द्या.' कार्ड लावलं की यंत्र तो फॉर्म शोधायचं. गुण जितके कमी, तितका खोटेपणा जास्त. कॅमेऱ्याचं काम एवढंच, की खुर्चीत जे असेल त्याची आकृती काढून रंगवायची. आम्ही आमच्याच मनातलं यंत्राच्या तोंडून ऐकून थक्क होत होतो.

मदतनीसांचे फॉर्म मी भरले होते. मावशींना एक गुण दिला होता. फाटके हातमोजे दिल्याबद्दल त्या मला चारचौघांत बोलल्या होत्या, म्हणून.

दुपारी मी आणि फिजिओबाईंनी पावडरीची खोकी उघडली. जुन्या खोक्यात बारा डबे असत, नव्यात दहाच निघाले. मी बाराच्याच हिशेबानं मोजत होतो. सात खोकी, सात दुणे चौदा.

संध्याकाळी मी मावशींच्या घरी गेलो. दारातच म्हटलं, "मावशी, चुकलं माझं. यंत्रानं फसवलं आपल्याला."

"ते यंत्र मला ओळखत नव्हतं, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुम्ही ओळखत होता."

बसायला सांगितलं नाही. मी उभाच राहिलो, आणि ते बरोबरच होतं. मावशी कामावर परत आल्या. माझ्याशी बोलायला त्यांना दोन महिने लागले.

म्हणून सांगतो. उद्या कोणी कॅमेरा लावून मन वाचतो म्हणालं, तर टाळ्या वाजवायची घाई करू नका. यंत्रात आधी काय घातलंय ते विचारा. खुर्चीत माणूस नसताना आकडा काय येतो, ते बघायला मागा. खऱ्या यंत्राला आणि ते चालवणाऱ्या खऱ्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही. आणि ज्या बाईबरोबर बावीस वर्षं काम केलं, तिच्याबद्दल काही जाणून घ्यायचं असेल, तर आधी तिच्यापाशी जाऊन बसा.