कूलरच्या सांदीतला राउटर

मी एक जुना राउटर आहे. लकडगंजमधल्या एका घरात राहतो. मित्रांनो, मला स्वस्थ बसणे ठाऊक नाही. तुम्ही झोपता तेव्हाही माझे दिवे लुकलुकतच असतात.

शाळा बंद होत्या त्या काळात मोनालीचे वर्ग माझ्याच जिवावर चालले. तिची आई कांताबाई तेव्हा मला रोज मऊ फडक्याने पुसायची. आता मोनाली कॉलेजात आहे आणि गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळते. खेळ चालतो दूरच्या यंत्रावर. तिने बटण दाबले की मी तिकडे कळवायचे आणि तिकडचे चित्र धावत आणायचे. सिनेमा थोडा आधीच आणून ठेवता येतो. पण पुढच्या वळणावर मोनाली काय करणार हे तिलाच ठाऊक नसते, मग मी काय आणून ठेवू? जरा उशीर झाला की तिची गाडी भिंतीवर!

येत्या रविवारी या खेळाच्या कॉलेज संघाची निवड व्हायची होती आणि नेमका मे महिना. मी तापलो. कांताबाईला दया आली. “लय तापून राहिला गा तू,” म्हणत तिने मला लांब वायरीसकट उचलले, कूलर आणि भिंतीच्या सांदीत ठेवले, वर विणलेला रुमाल घातला. अंग गार झाले, पण जीव घुसमटला. समोर पत्रा, पत्र्याआड काठोकाठ पाणी. माझी हाक मोनालीपर्यंत पोचेचना.

“काहून अटकून राहिलं हे?” मोनाली रडकुंडीला आली. तिचे बाबा संघपाल यांनी जास्त वेगाचे कनेक्शन घेतले. तरी तेच. “राउटरच म्हातारा झाला. सोमवारी भंगारवाल्याले देऊन टाकू,” ते म्हणाले. अहो, वेग दारापर्यंत येत होता, पुढे तुम्हीच त्याला कोंडले होते! पण मला वाचा कुठे?

रविवारी शेवटच्या फेरीत मोनाली मागे पडली आणि कूलरचे पाणी संपले. कांताबाई पाइप घेऊन आली. शिंतोडे नकोत म्हणून तिने मला मोनालीच्या टेबलावर ठेवले. चित्र सुसाट सुटले! मोनाली एकेक गाडी मागे टाकू लागली. इतक्यात टाकी भरली. “चाल गा, थंड हो,” म्हणत कांताबाईने मला पुन्हा सांदीत नेले. चित्र थबकले. मोनालीने वळून पाहिले, आधी माझ्याकडे, मग कूलरकडे.

“आई, त्याले इथंच ठेव वं!”

तोवर पहिला नंबर हुकला होता. संघातली शेवटची जागा मात्र मिळाली. सोमवारी भंगारवाला रिकाम्या हाताने परतला.

मित्रांनो, आमच्यावर माया करा, पण आमचे काम काय ते आधी बघा. मी आता टेबलावर उघडा बसतो, तापतो आणि धावतो. कांताबाई येताजाता पदराने वारा घालते. मोनालीची त्याला हरकत नाही.