चालू कम्प्युटरचा प्लग

अनघाला पहिला संशय आला तो खुर्चीवरून. ऑफिसला निघताना ती कम्प्युटरसमोरची खुर्ची पार टेबलाखाली ढकलून जायची. पाया लेबारच्या ऑफिसातून बुकित पंजांगच्या फ्लॅटवर परतावं, तर खुर्ची हातभर बाहेर. घरात दुसरं होतं कोण? नवरा अभय मरीन इंजिनिअर, महिनोन्‌महिने जहाजावर. राहता राहिली क्षिप्रा. मूळची संगमेश्वरकडची ही मुलगी नोकरीसाठी इथे परदेशात आली होती आणि त्यांच्याकडे एक खोली भाड्याने घेऊन राहत होती. तिचं बरंचसं काम घरूनच चालायचं.

नुसतं खुर्चीचं असतं तर अनघाने सोडून दिलं असतं. पण कम्प्युटरही बिघडायला लागला. सुट्टीच्या दिवशी बोटीने पुलाउ उबीन बेटावर जायचं, सायकलवरून झाडीत शिरायचं आणि पक्ष्यांचे आवाज रेकॉर्ड करायचे, हा तिचा जुना नाद. ते सगळे आवाज या कम्प्युटरला जोडलेल्या डिस्कवर होते. सकाळी थोडं काम करून, कम्प्युटर बंद न करता तो नुसता स्लीपवर टाकून ती जायची. संध्याकाळी बघावं तर तो सपशेल बंद झालेला, काम वाया गेलेलं. पुढे पुढे काही फायली उघडेनाशाच झाल्या.

"तापत असेल," अभय फोनवर म्हणाला. "मागची जाळी धुळीने बुजली असेल, ती साफ कर. आणि भिंतीपासून जरा पुढे ओढ."

तिने दोन्ही केलं. फरक पडला नाही. शेवटी ती कम्प्युटर उचलून दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेली. तिथल्या बाईंनी तो उघडून नीट तपासला आणि सांगितलं, "आत सगळं ठीक आहे. चालू असताना कुणीतरी याचा करंट तोडतंय."

कुणीतरी. तो शब्द अनघाच्या डोक्यात रुतून बसला. आता तिला क्षिप्राच्या साध्या वागण्यातही काहीबाही दिसू लागलं. आपण आलो की ही लॅपटॉप का मिटते? चहा विचारते तो मनापासून, की आणखी कशासाठी? तिने कीबोर्डच्या खणाला बारीकशी चिकटपट्टी लावून ठेवली. संध्याकाळी पट्टी जशीच्या तशी आणि खुर्ची मात्र हललेली. अनघाला हायसं वाटायला हवं होतं. तिच्या मनात आलं, पोरगी भलतीच हुशार आहे.

एके दिवशी डोकं दुखतंय सांगून ती दुपारीच ऑफिसातून निघाली. घराजवळ पोचेपर्यंत आभाळ काळंभोर झालं होतं, गडगडत होतं. तिने कुलूप आवाज न करता उघडलं. क्षिप्रा टेबलाखाली गुडघ्यांवर होती आणि तिच्या हातात कम्प्युटरचा प्लग होता.

"काय करतेयस तिथे?"

क्षिप्राचं डोकं टेबलावर आपटलं. "वीज कडाडतेय, ताई. म्हणून काढून ठेवत होते."

"तो चालू होता."

"पण स्क्रीन तर काळी होती. मला वाटलं, बंदच आहे." ती बाहेर आली, कपाळ चोळत म्हणाली, "आमच्या घरी वीज पडून भावाचा कम्प्युटर जळला होता. इथे तर रोजच गडगडतं. पाऊस थांबला की मी परत लावून ठेवते."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"राहायला आले तेव्हा मी तुमचा तवा दुसऱ्या कप्प्यात ठेवला होता. तुम्ही म्हणालात, माझ्या वस्तूंना हात लावायचा नाही. सांगितलं तर तुम्ही रागावणार, आणि नाही काढला तर तो जळणार. मग गुपचूप करत राहिले."

अनघाला ते आठवलं. तेव्हा आपला आवाज किती चढला होता, तेही. तरी तोंडून गेलंच, "मला वाटलं, तू माझ्या फायली उघडून बघतेस."

क्षिप्राने कीबोर्डच्या खणाकडे पाहिलं. "म्हणून ती चिकटपट्टी होती का?"

बाहेर पाऊस कोसळू लागला. अनघाने कम्प्युटर सुरू करून पाहिला. उबीनचे कितीतरी आवाज कायमचे गेले होते. पण त्याबद्दल बोलायची तिला लाज वाटली.

संध्याकाळी तिने क्षिप्राची माफी मागितली. मग कम्प्युटर नीट बंद कसा करायचा, तो स्लीपवर असला तर कुठला दिवा लुकलुकतो, आधी काय बंद करायचं आणि मगच प्लग कसा काढायचा, हे सगळं शेजारी बसून दाखवलं. वीज अचानक गेली तरी कम्प्युटर काही वेळ चालू राहील अशी बॅटरी आणली, उरलेल्या आवाजांची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ती कपाटात ठेवली.

क्षिप्राने सगळं लक्ष देऊन ऐकलं, "ठीक आहे, ताई," म्हणाली आणि रोजच्यासारखा दोघींचा चहा टाकला.

दुसऱ्या दिवसापासून मात्र ती खाली दूध आणायला जातानाही आपल्या खोलीला कुलूप लावू लागली. ते का, हे अनघाने तिला कधी विचारलं नाही.