सौमित्रने परत न केलेली शाल

थंडीची नव्हे, सत्काराची शाल आहे मी. मुंबईत थंडी पडत नाही, सत्कार मात्र बारा महिने होतात. त्यामुळे माझं बरं चाललं होतं.

माझा जन्म कुठल्या मागावर झाला, ते आठवत नाही. आठवतं ते दादरच्या घाऊक दुकानातलं फडताळ आणि तिथून मला घेऊन जाणारे अण्णा. लालबागमधल्या एका चाळीच्या गणेशोत्सव मंडळाचे ते अध्यक्ष. मी जांभळी, काठाला जरीची वेलबुट्टी. अण्णांनी मला उलटसुलट करून पाहिलं आणि फोटोत उठून दिसेल म्हणाले. ऊब कितपत आहे, ते त्यांनी विचारलं नाही.

मंडळाची एक रीत होती. कुठे लिहिलेली नव्हती, पण सगळे पाळत. सत्कारमूर्तीने नारळ घरी न्यायचा आणि शाल दुसऱ्या दिवशी घडी घालून मंडळाच्या कपाटात आणून द्यायची. पाहुणा बाहेरचा असला तर तो गाडीत बसायच्या आत अण्णा मला त्याच्या खांद्यावरून आदबीने उतरवून घेत. दहावीत पहिली आलेली मुलगी, निवृत्त पोस्टमन, कबड्डीचे पंच, एक ज्योतिषी, सगळ्यांचे खांदे मला माहीत आहेत. प्रत्येकी दोन मिनिटं. पुढे कुणाशी ओळख वाढली नाही.

यंदा मंडळाने ऑटिझमबद्दल जनजागृती करायचं ठरवलं. दुसऱ्या मजल्यावर सौमित्र राहतो. नऊ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे. तेव्हा त्याचा सत्कार ठरला. नेमका कशाबद्दल, ते बॅनरवर लिहिलेलं नव्हतं.

त्याची आई मेघना परळला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. ती आधी नको म्हणाली. गणपती बसल्यापासून सौमित्र रोज आरतीच्या आधी, मांडव रिकामा असताना, खाली यायचा आणि मूर्तीच्या मागे बसून दिव्यांची माळ बघायचा. मोठ्याने हसायचासुद्धा. शाळेतून तो दमून, कोमेजून घरी येई. बाहेर कुठे तो खुशीत असेल तर एवढ्या एकाच जागी, आणि ती जागा मेघनाला घालवायची नव्हती. पण इतकी वर्षं चाळ त्याला हट्टी, लाडावलेला म्हणत आली होती. आता कुणीतरी आपणहून मान द्यायला दारात आलं होतं. तिला मोह झाला. फक्त टाळ्या नकोत, त्याला आवाज सोसत नाही, असं तिने अण्णांना तीनदा बजावलं.

अण्णा शब्दाचे पक्के. त्यांनी मला सौमित्रच्या खांद्यांवर घातलं, माइक तोंडाशी धरला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की या मुलाला आवाजाचा त्रास होतो, तरी सर्वांनी शांतता राखावी, कृपया टाळ्या वाजवू नयेत. हे बोलणं लोकांना इतकं आवडलं, की टाळ्यांचा कडकडाट झाला.

सौमित्रने मला डोक्यावरून ओढून घेतलं आणि तो टेबलाखाली शिरला. त्याच्या छातीतली धडधड मला ऐकू येत होती. इतक्या जणांच्या अंगावर बसले, पण कुणी मला असं मुठीत घट्ट धरलं नव्हतं. मी घाबरले. त्याच्याइतकी नाही, पण घाबरले.

घरी आल्यावर तो खाटेखाली गेला तो माझ्यासकट. काठाची जर टोचत होती म्हणून तो काठ चावत होता. मेघनाने दुसऱ्या सकाळी ब्लेडने सगळी जर उसवून टाकली. माझी काय ती प्रतिष्ठा होती, ती केराच्या डब्यात गेली. तीन दिवस सौमित्रने उंबरा ओलांडला नाही. कुणी मांडवाचं नाव काढलं की तो मला आणखी आवळून घेई.

तिसऱ्या दिवशी अण्णा आले.

"मेघना, शाल देतेस ना गो? संध्याकाळी डॉक्टर यायचेत सत्काराला."

"अण्णा, तीन दिवस तो दाराबाहेर पडला नाही. ती नेलीत तर त्याला घरातही राहवायचं नाही."

अण्णांनी वाकून खाटेखाली पाहिलं. समजूत घालायला तोंड उघडलं, तेवढ्यात मेघनाने मानेनेच नको म्हटलं. मग मी करू तरी काय, असं त्यांनी विचारलं. काही करू नका, नुसते बसा, ती म्हणाली. वीस वर्षं अध्यक्ष असलेल्या माणसाला नुसतं बसणं फार जड जातं. तरी ते फरशीवर मांडी घालून बसले. बराच वेळ गेला. मग खाटेखालून माझं एक टोक हळूहळू बाहेर आलं आणि अण्णांच्या गुडघ्याला टेकलं. सौमित्रनेच ते ढकललं होतं.

अण्णांनी ते धरलं. ओढलं नाही.

"चुकलं रे माझं," ते म्हणाले. अण्णा इतक्या हळू बोलू शकतात, हे मला ठाऊक नव्हतं.

त्या संध्याकाळी डॉक्टरांना नुसता नारळ मिळाला. अण्णा दुसऱ्या दिवशी पुन्हा आले आणि काही काम नसताना अर्धा तास बसून गेले.

उद्या विसर्जन आहे. उद्या मूर्ती जाईल, माळ उतरेल, मांडव सुटेल, आणि सौमित्रची जागा वर्षभरासाठी जाईल. आत्ता मी जिन्यात आहे, त्याच्या डोक्यावर. जरीचा पत्ता नाही, एक काठ चघळून चोथा झालाय, कपाटात ठेवण्याच्या लायकीची उरलेली नाही. आरतीला अजून वीस मिनिटं आहेत. माइकची वायर अण्णांनी काढून स्वतःच्या खिशात ठेवली आहे आणि जिन्याच्या तोंडाशी ते आमच्याकडे पाठ करून उभे आहेत. मेघना मागे आहे, पण तिने हात लावलेला नाही.

तो सहा पायऱ्या उतरलाय. मांडव इथून दिसतो.

मला आनंद झालाय, तुम्हालाही झाला असेल. तरी वाचणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे, टाळ्या वाजवू नका.