तटावरून आमची बाल्कनी दिसते

शीआनचा माणूस शहराच्या जुन्या तटावर सायकल चालवायला जात नाही. ते पाहुण्यांचं काम. आमचं घर पश्चिम दरवाज्याच्या आतल्या गल्लीत, चौथ्या मजल्यावर आहे. स्वयंपाकघरामागची बाल्कनी तटासमोरच येते. कित्येक वर्षं मी तिथे उभा राहून दात घासले आणि परगावची माणसं भाड्याच्या सायकलींवर तटावरून जाताना बघितली.

माझ्या बायकोला, शुछिनला, मात्र एकदा जायचं होतं. दोन सीटची सायकल घेऊन सबंध फेरी मारायची, जवळजवळ चौदा किलोमीटर.

"एक दिवस आपल्याच गावात पाहुणे होऊ," ती म्हणायची.

"तट सहाशे वर्षं उभा आहे. कुठे पळून जात नाही," मी म्हणायचो.

गेल्या मे महिन्यात तिचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी मला आणि आमच्या मुलीला, यानला, दुसऱ्या खोलीत बोलावून सांगितलं. आमच्याकडे असंच करतात. रोग्याला सांगत नाहीत. घरचे ते ओझं आपसात वाटून घेतात. दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून आम्ही ठरवलं, पोटात व्रण आहे असं सांगायचं. यानने माझा हात धरून शब्द दिला.

मी कापडगिरणीत मागांचा फिटर होतो. नाटक मला येत नाही, पण ते मी केलं. औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं नखाने खरवडून काढली. रडायला यायचं तेव्हा कचरा टाकायच्या निमित्ताने खाली जायचो. शेजारी माझ्याबद्दल म्हणायचे, लाओ हुओ दिवसाला तीनदा कचरा टाकतो.

सप्टेंबरमध्ये तिने पुन्हा तटाचं काढलं. "या महिन्यात जाऊ या का? हवा चांगली आहे."

मी फार विचार केला. तीस वर्षं नाही म्हणणारा नवरा एकदम हो म्हणाला, तर तिला सगळं समजणार. म्हणून म्हणालो, "वसंतात जाऊ. तू बरी झालीस की."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं."

फेब्रुवारीत ती गेली.

एप्रिलमध्ये, कबरी झाडायच्या दिवशी, मी आणि यान तिच्याकडे गेलो. गवत काढलं, फळं ठेवली, कागदी पैसे जाळले. मग मी गुडघे टेकले आणि जे अकरा महिने पोटात ठेवलं होतं ते बोललो. "शुछिन, तो व्रण नव्हता. मी खोटं बोललो. तुला निरोपसुद्धा घेऊ दिला नाही. मला क्षमा कर." मोठ्याने रडलो मी. यान बाजूला उभी होती. म्हणाली, "बाबा, उठा. जमीन ओली आहे."

त्यानंतरच्या रविवारी मी यानला म्हटलं, चल, तटावर जाऊ. वसंत म्हणालो होतो, वसंत आला.

"नको बाबा. तुमचे गुडघे दुखतील."

"दुखू देत."

"मग साध्या दोन सायकली घेऊ."

"दोन सीटचीच."

दक्षिण दरवाज्यावर सायकली देणारी पोरगी गालात च्युइंगम घोळवत बसली होती. तिने विचारलं, "कुठून आलात, काका?"

"खालून."

"खालून म्हणजे?"

"पश्चिम दरवाज्याच्या आतून. चौथा मजला."

"अगं बाई! मग इतकी वर्षं वर यायला जिना सापडला नाही का?"

रांगेतले ग्वांगझोउहून आलेले पाहुणे हसले. मीही हसलो. सायकलची साखळी कोरडी ठणठणीत होती. मी तिला म्हटलं, तेल घालत जा. ती म्हणाली, तुम्हीच या कामाला.

मी पुढे बसलो, यान मागे. नैर्ऋत्येचा गोल बुरूज ओलांडून उत्तरेला वळलो. विटा खडबडीत आहेत, सगळं अंग हलतं. मला बरं वाटत होतं, खरं सांगतो. वाटत होतं, उशिरा का होईना, एक काम होतंय.

पश्चिम दरवाजा मागे पडला आणि उजव्या हाताला आमची इमारत आली. माझा बनियन दोरीवर वाळत होता. मिरच्यांच्या कुंड्यासुद्धा दिसल्या.

"बघ," मी म्हणालो, "किती जवळ दिसतं! हाक मारली तर ऐकू जाईल."

"कुठलं ऐकू जातंय," मागून यान मोठ्याने म्हणाली. "आईने तीनदा मारली, तुम्ही मानसुद्धा..."



मी ब्रेक दाबला. आमच्या मागून येणारा एकजण ओरडत बाजूने गेला. मी उतरलो. यान सीटवरच, एक पाय जमिनीवर टेकून.

"कधी?" मी विचारलं.

"बाबा..."

"कधी मारली हाक?"

"ऑक्टोबरमध्ये. रक्त तपासायला नेलं होतं ना, त्या दिवशी. दवाखान्यातून लवकर सुटलो, आणि दोघी इथे वर आलो. तुम्ही मिरच्यांना पाणी घालत होतात."

तो दिवस मला आठवला. शुछिन घरी आली तेव्हा तिचे गाल लाल होते. मला वाटलं, नवीन औषध लागू पडलं. मी तिच्या बहिणीला फोन करून सांगितलं. तिच्यासाठी राळ्याची पेज करून ठेवली होती, ती तिने दोन वाट्या प्यायली. गाल वाऱ्याने लाल झाले होते.

"तिला माहीत होतं?"

यानने मान डोलावली. "सप्टेंबरपासून. म्हणाली, व्रणाच्या औषधाने केस जात नाहीत. आणि तुझा बाप बाटल्या खरवडत बसतो. मला सरळ विचारलं, बाबा. तिच्या तोंडावर मला खोटं बोलता येईना."

"आणि माझ्या तोंडावर आलं?"

ती हँडलवरची धूळ अंगठ्याने पुसू लागली.

"तू मला शब्द दिला होतास."

"तिनेही माझ्याकडून शब्द घेतला. म्हणाली, त्याला कळू देऊ नकोस. तो एवढ्या कष्टाने करतोय. मला माहीत आहे हे त्याला कळलं तर तो कोसळेल. करू दे त्याला."

करू दे त्याला. नऊ महिने मी ज्या माणसासमोर हसत होतो, ते माणूस पाच महिने सगळं जाणून बसलं होतं. मला तिला विचारायचं होतं, माझ्याबरोबर सुखात होतीस का. विचारलं नाही, कारण ते शेवटचं विचारल्यासारखं झालं असतं. तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि दोघं मिळून आम्ही व्रणाच्या पथ्याबद्दल बोलत होतो.

"सुरुवात आपण केली, बाबा," यान म्हणाली. "आधी आपण तिच्याशी खोटं बोललो."

"ते मान्य. पण कबरीपाशी? मी गुडघ्यावर होतो. क्षमा मागत होतो. तेव्हा तर ती नव्हती तुझं तोंड धरायला. तू म्हणालीस, जमीन ओली आहे."

आता ती रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं नाही. ती माझी एकुलती मुलगी आहे, तरी घेतलं नाही.

मी विचारलं, "काय ओरडली ती?"

"'म्हातारबा, पाणी पुरे! मरतील त्या मिरच्या!'" यान म्हणाली. "मग स्वतःच हसली. इतकी हसली की खोकला आला. मी म्हटलं, खाली जाऊन बाबांना घेऊन येऊ. ती म्हणाली, नको."

मिरच्या मेल्याच होत्या. मुळं कुजली होती. मी गिरणीत कान गमावले, तीस वर्षं मागांच्या खडखडाटात. त्या गल्लीपलीकडून मला कोणाचीही हाक ऐकू येत नाही, आणि हे शुछिनला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी तिने तीनदा मारली. का मारली, ते मला कळत नाही.

"ती कुठल्या सीटवर होती?"

"मागच्या. मी तिला पायडल मारू दिलं नाही. पाय नुसते वर धरून बसली होती."

"उतर तिथून."

यान पुढे बसली, मी मागे. अजून नऊ किलोमीटर राहिले होते, आणि सायकल दक्षिण दरवाज्यावरच परत द्यायची होती. मागच्या सीटवरून समोरच्या माणसाची पाठ तेवढी दिसते. मी पाय पायडलवर ठेवले नाहीत. उत्तर दरवाजा गेला, रेल्वे स्टेशन गेलं. यानची पाठ घामाने भिजली. मी फिटर माणूस, ओझं ओढणं म्हणजे काय ते मला कळतं. तरी मी पाय ठेवले नाहीत. तिनेही ठेवा म्हटलं नाही.

दरवाज्यावर त्या पोरीने सायकल घेतली. "काय काका, झाले पाहुणे?"

"झालो," मी म्हणालो.

खाली उतरताना जिन्यात यान थांबली. "बाबा, काहीतरी बोला. शिव्या द्या हवं तर."

"पुढच्या वर्षी कबरीवर तू बोलायचंस," मी म्हणालो. "तिला सांगायचं, बाबांना कळलं. आणि मी क्षमा मागितली होती, ती मी परत घेतली असं सांग."

"हो," ती म्हणाली.

आम्ही उरलेला जिना उतरलो. शब्द तिने आधी मलाही दिला होता, आईलाही. या 'हो'चं काय करायचं, ते मला अजून समजलेलं नाही.