उंबऱ्यापलीकडची गोगलगाय

ॲमस्टरडॅमला येणारे पर्यटक कॉफीशॉप कसं निवडतात, हे मी झोपेतसुद्धा सांगेन. ज्याच्या दारात सगळ्यात लांब रांग, ते. नाहीतर फोनवर ज्याला सगळ्यात जास्त तारे, ते. तिथली कॉफी कशी असते, हे कुणीच विचारत नाही, कारण कॉफीसाठी कुणी येतच नाही. येतात ते गांजासाठी.

माझ्या पपांच्या दुकानाला ना रांग होती, ना तारे. शहराच्या पश्चिमेला, ट्राम जिथून माघारी वळते तिथे, दारावर रंगवलेली एक गोगलगाय, बस्स. तेच नाव. गिऱ्हाईक सगळं आसपासचं. गांजा विकायला मुभा आहे, पण जाहिरात करायची नाही, शेजाऱ्यांना त्रास द्यायचा नाही आणि अठराच्या आतलं कुणी आत घ्यायचं नाही. मी सोळाची. त्यामुळे जन्मापासून पपा उंबऱ्याच्या आत आणि मी बाहेर. शाळेतून येताना मी त्यांचा डबा दारातून हात लांब करून द्यायचे.

"पाय मागे! अंगठा आलाय आत!"

"तो बुटाचा आहे पपा, माझा नाही."

"बूट किती वर्षांचा?"

"दोन."

"मग तर मुळीच नाही!"

हसायचो आम्ही, पण मागे मात्र मी खरंच सरकायचे. कारण आमच्या शहरात एकदा परवाना गेला की गेला. नवा कुणाला देत नाहीत.

ऑक्टोबरात गॅरेथ आला. वेल्सचा. कुठल्या गावात गेलं की कुठलं कॉफीशॉप निवडावं, हे इंटरनेटवर लिहिणं हाच त्याचा धंदा. पपांनी त्याला नेहमीसारखं विचारलं, "पोटात काही आहे का?" नव्हतं. पपांनी आधी त्याला चीज घातलेला टोस्ट खायला लावला आणि मगच माल दाखवला. गॅरेथ विरघळलाच. त्याने लिहिलं, 'एकच निवडायचं असेल तर हे निवडा. पर्यटकांना अजून ठाऊक नाही.'

नाताळपर्यंत ठाऊक नसलेला पर्यटक शोधून सापडेना! फुटपाथवर चाकांच्या बॅगा, सायकलींच्या रांगेवर बसलेली माणसं, दुकानावरच आमचं घर, त्याच्या जिन्यात कुणीतरी ओकलेलं. म्हातारे ब्राम आजोबा रोज खिडकीपाशी बसायचे. त्यांच्या खुर्चीत स्पेनची तीन मुलं एकदम बसलेली पाहून ते जे गेले ते परत आलेच नाहीत. वरच्या मजल्यावरच्या ट्रुसकाकूंनी खिडकी लावून घेतली. नुसती लावली नाही, आपटली.

आणि मग गॅरेथकडून पोस्टाने एक स्टिकर आला. हिरवं पान, त्याखाली 'प्रवाशांची पहिली पसंती'. पपांनी तो बाहेरून काचेवर चिकटवला, अगदी फुगे येऊ नयेत म्हणून चमच्याने घासून.

"पपा, ही जाहिरात आहे. काढा तो."

"जाहिरात नाही गं, बक्षीस आहे. मला आयुष्यात लहानपणीच्या पोहण्याच्या प्रमाणपत्राशिवाय काही मिळालेलं नाही."

"ते तर इथे सगळ्याच पोरांना मिळतं."

"तेच तर म्हणतोय!"

"पपा, मी गंमत करत नाहीये."

त्यांनी चमचा पुसला. "रविवारी माझा वाढदिवस. सीब्रेन येणार. त्याला बघू दे एकदा, सोमवारी काढतो."

सीब्रेनकाका पपांचा मोठा भाऊ, ग्रोनिंगेनला बँकेत साहेब. 'तुझं ते दुकान' असं म्हणताना 'ते'वर तो जो जोर देतो ना, तो मी लहानपणापासून ऐकतेय. म्हणून मी गप्प बसले. एरवी वर्गात मला कुणी गप्प करून दाखवावं!

शुक्रवारी तपासणीवाले आले. गर्दीची तक्रार होती म्हणून आले होते आणि समोर पाहिलं तर पान. गोंगाट एकवेळ समजून घेतला असता म्हणाले, पण गोंगाट आणि वर जाहिरात? संध्याकाळी दाराला सील लागलं.

वाढदिवस झालाच. आमच्याकडे वाढदिवस रद्द होत नसतो. खुर्च्या गोल मांडलेल्या, प्रत्येकाला केकचा एक तुकडा, आणि आलेला प्रत्येक जण घरातल्या प्रत्येकाचं अभिनंदन करतो. "वडिलांबद्दल अभिनंदन!" "भावाबद्दल अभिनंदन!" मी सगळ्यांशी हात मिळवत होते आणि माझे दात एकमेकांवर घासत होते.

ट्रुसकाकू सफरचंदाचा केक घेऊन माझ्यापाशी आल्या. "अभिनंदन, योरिंडे. तक्रार मी केली होती. तोंडावर सांगितलेलं बरं."

"काकू, तुमच्या दुधाच्या पिशव्या पपाच वर आणून देतात ना? मग तुम्हाला त्यांच्याशी दोन शब्द बोलता आले नसते?"

"दाराशी आले होते मी. रांगेतल्या पोरांनी आत जाऊ दिलं नाही. मागे जा म्हणाली, मधे घुसू नका."

मी त्यांच्या हातातला केक घेऊन टेबलावर ठेवला. सीब्रेनकाका पपांकडे वळला. "चला, आता तरी एखादी सरळ नोकरी बघशील. आणि ते काचेवर काय चिकटवलंयस?"

"काही नाही," पपा म्हणाले. "केक घे अजून." दुसरा तुकडा आमच्याकडे कुणी कुणाला देत नाही. काकाने तो घेतला.

परवाना गेलाच. सामान हलवायला सील काढलं, तेव्हा मी पहिल्यांदा उंबरा ओलांडला. आता दुकानच नव्हतं, मग वयाचं काय? आत आमच्या स्वयंपाकघराएवढीच जागा होती. एवढीशीच! मला वाटायचं, केवढं मोठं असेल. पपा टोस्टचं यंत्र कागदात गुंडाळत होते. माझा पाय आत बघून त्यांचं तोंड सवयीने उघडलं, आणि मिटलं.

काचेवर टकटक झाली. एक जोडपं, हातात फोन. बाईने स्टिकरकडे बोट दाखवलं, मग आमच्याकडे. पपांनी दार उघडून 'नाही' म्हणून मान हलवली.

"अरेरे," माणूस म्हणाला. "मग दुसरं कुठलं निवडू?" आणि उत्तराची वाट न बघता त्याने अंगठ्याने यादी खाली सरकवली.

"पोटात काही आहे का?" पपांनी विचारलं. ते दोघं रस्ता ओलांडून गेलेही होते.

मी बाहेर जाऊन नखांनी स्टिकर खरवडायला लागले. पान निघालं. 'पहिली' काही निघेना. फारच नीट चिकटवला होता त्यांनी.